मागे धरलेली बॅटरी

अंधारात माणूस बॅटरी पुढे धरतो. आमचे शहारेभाऊ ती मागे धरत. उजवा हात पाठीवर, मनगट खाली वळवलेलं, आणि उजेडाचं वर्तुळ त्यांच्याच टाचांमागे हातभर अंतरावर सरपटत येतंय. पुढे मिट्ट काळोख, आणि हा गृहस्थ चालून झालेला रस्ता उजळत निघालेला. विजेच्या खांबाला धडकतील, झोपलेल्या कुत्र्यावर पाय देतील, वर कुत्र्याची माफी मागतील, पण बॅटरी मागेच.

बॅटरी म्हणजे टॉर्च. गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. शहारेभाऊंची ओळख करून घ्यायची तर एवढे दोन शब्द पक्के पाहिजेत, कारण कित्येक वर्षं ते याखेरीज दुसरं काही फारसं बोललेच नाहीत.

"भाऊ, बॅटरी उलटी धरून राहिले तुम्ही," त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याच आठवड्यात मी म्हणालो.

"पुढचं मले पाठ आहे जी सर. मागचं पाहा लागते," ते म्हणाले आणि आमच्या फाटकाला गुडघा आपटून पुढे गेले.

मागे बहुतेक वेळा शकुनवहिनी असत, म्हणजे त्यांची बायको. खाली मान, पदर घट्ट, नजर त्या वर्तुळात. पण वहिनी नसल्या तरी बॅटरी मागेच असायची. त्यामुळे गल्लीनं निदान करून टाकलं होतं की कंडक्टरचं डोकं जरा ढिलं आहे आणि कंडक्टरणीला तोरा आहे. हा तोरा शोधून काढला होता समोरच्या बेबीबाईंनी. "दिवा लागला का हिचा उंबरठा बंद! कोनाच्या बारशाले नाई, कोनाच्या हळदीले नाई. अशी कोनती राणी लागून गेली वं?" मी शाळेत मराठी शिकवतो, पण शाळेबाहेर कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात. खरं तर तो आवाज न करता हसत असतो, एवढंच. बेबीबाईंचं हे बोलणं आमच्या घरात चहाबरोबर चघळलं जाई आणि मी मान हलवत असे. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल.

भाऊ एस.टी.त कंडक्टर होते. नोकरी बसमध्ये राहिली, घंटी मात्र घरी आली. त्यांच्या जगात निकाल दोनच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. वांग्याची भाजी खारट झाली की "टिंग." पाहुणा मनासारखा निघाला की "टिंग टिंग." घरात तर ते दिवसभर टिंगटिंगत असायचे. तिन्हीसांजेला वहिनी आंगणात चालत असल्या की हे ओट्यावरून पेपर वाचता वाचता "टिंग" म्हणत आणि वहिनी जागच्या जागी थांबत. "टिंग टिंग" म्हटलं की चालू लागत. आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो आणि पोट धरून हसायचो. बायकोची बस केली म्हणायचो.

ती भारनियमनाची वर्षं होती. लाइट कधी सकाळी जाई, कधी ऐन दिवेलागणीला. गोंदियाच्या बाजारात चिनी एलईडी बॅटऱ्यांचा पूर आला होता. आधीच्या पिवळ्या बल्बच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या माणसांसारख्या खोकत खोकत उजेड देत. या नव्या नुसत्या डोळ्यांत घुसत. पोरं-बाप्ये संध्याकाळी चौकात जमत आणि कोणाची बॅटरी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचते याची पैज लावत. ज्याचा झोत टाकीवरच्या शिडीला लागला तो त्या दिवसाचा राजा.

भाऊ तिथं येत, प्रत्येकाच्या हातातली बॅटरी घेत आणि जमिनीकडे वळवत. "काठ दिसते का?" हा त्यांचा एकच प्रश्न. पायरीचा काठ, नालीचा काठ, धानाच्या बांधीचा काठ.

"काठ कायले पाहाचा भाऊ? टाकी पाहा ना!"

"टाकीवर चालतेस का गा तू? मंग?" असं विचारून ते बॅटरी परत करत. "टिंग."

एका रविवारी मला ते बाजारात घेऊन गेले. खांद्याला कंडक्टरची कातडी पिशवी, तिच्यात काळं कांबळं. भर दुपारची वेळ, मे महिन्याला लाजवेल असं एप्रिलचं ऊन. मी विचारलं, "भाऊ, कांबळं कायले?"

"बॅटरी घ्याची आहे ना. अंधार लागन का नाई?"

"दुकानात?"

"दुकानात कोनाजवळच अंधार नसते जी सर. सूर्यासमोर सगळ्याच बॅटऱ्या नापास. म्हणून मी माझा अंधार घरून घेऊन येतो."

दुकानदार त्यांना ओळखत असावा, कारण आम्हाला पाहताच त्यानं कपाळाला हात लावला. तरी धंदा तो धंदा. त्यानं काचेतून एक हातभर लांब बॅटरी काढली. "ये देखो भाईसाब, नया माल. दो किलोमीटर मारती है!"

"दोन किलोमीटरवर माह्यं कोन राहते? मले दोन हात दाखवा."

मग भाऊंनी पिशवीतून तिकिटांच्या पेटीचं झाकण काढून फरशीवर उपडं ठेवलं. ती पायरी. तिच्यापुढे काळा दोरा आडवा टाकला. ती नाली. आणि स्वतःवर, दुकानदारावर आणि त्या सगळ्या देखाव्यावर कांबळं ओढून घेतलं. भर बाजारात, काउंटरसमोर, एक काळा डोंगर तयार झाला. डोंगर हलत होता. डोंगरातून आवाज येत होते.

"काठ दिसते का सेठ?"

"भाईसाब, दम घुट रहा है!"

"दम मंग घ्या. काठ दिसते का ते सांगा. मले तं नुसता पांढरा फटका दिसून राहिला. टिंग."

"ये देखो, ये दूसरी..."

"निळा उजेड. मुडद्यावर टाकल्यावानी. टिंग."

बाहेर गर्दी जमली. कोणीतरी मला विचारलं, "दाढ काढून राहिले का जी आत?" मी चुलत लांबचा पाहुणा असल्यासारखा बाजूला उभा राहिलो. शेवटी कांबळ्यातून घामाघूम दुकानदार निघाला आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आपको टॉर्च चाहिए कि दुल्हन?"

"दुल्हन घरी आहे," भाऊ कांबळ्याची घडी करत म्हणाले. "तिच्यासाठीच तं पाहून राहिलो."

दुकान हसलं. मीही हसलो.

सेलांचा कारभार त्याहून वेगळा. चार्ज होणारे सेल आमच्या गल्लीत पहिल्यांदा भाऊंनी आणले. त्यांचा चार्जर जोडीजोडीनंच सेल भरायचा, एकटा सेल घातला तर लाल दिवाच लागत नसे. भाऊंना हे फार मनाला लागलं. त्यांनी सेलांची लग्नं लावली. मुलीच्या नेलपॉलिशनं प्रत्येक जोडीवर खुणा आणि नावं घातली, आणि नावं गल्लीतल्याच नवराबायकोची. दोघं एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे, एकत्र विश्रांतीला ठेवायचे. जुन्या सेलाजवळ नवा बसवला की जुना नव्याला घेऊन बुडतो, असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो अनुभवानं खराही होता. आमच्या नावाची जोडी होती, 'सर-मॅडम'. माझं आणि बायकोचं वाजलं की दुसऱ्या दिवशी भाऊ भिंतीवरून डोकावत. "सर, तुमच्यातला एक लय गरम होऊन राहिला."

"कोणता?"

"ते मी सांगणार नाई."

बेबीबाईंनी एकदा लाइट गेल्यावर त्यांच्याकडून एक जोडी मागून नेली. आठवड्यानं भाऊ परत मागायला गेले तर सेल छपरावर. सुकत घातलेल्या मोहफुलांच्या शेजारी, लाल मिरच्यांच्या पंगतीत, दोघंही उन्हात पडलेले. आमच्याकडे साधे सेल उतरले की उन्हात टाकायची पद्धतच होती. तापून निघाले की आणखी दोन दिवस मिणमिणतात. भाऊ शिडी लावून वर चढले आणि ओरडले, "अवो बाई, हे वाळवाचे नाईत, हे भराचे आहेत! पापड समजल्या का?"

"उतरले होते म्हणून ठेवले जी. ऊन फुकटच आहे ना!" खालून बेबीबाई.

त्या जोडीतला एक सेल पुढे फुगला आणि गेला. राहिलेला सेल भाऊंनी फेकला नाही. भिंतीवरच्या घड्याळात घातला. "घड्याळाले एकटा चालते," ते म्हणाले. ते घड्याळ आजही चालतंय.

मग त्यांच्या मुलीचं, सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा साकोलीकडचा, शांत, दवाखान्यात औषधं देणारा. पसंती विचारली तेव्हा दोन्हीकडची माणसं श्वास रोखून बसली होती आणि भाऊ "टिंग टिंग" म्हणाले. मुलाकडच्यांना होकार आहे की नकार हे कळायला थोडा वेळ गेला. मे महिन्यात, विहारासमोरच्या मांडवात, संध्याकाळचं लग्न. आणि त्या दिवसापासून भाऊंना बॅटरीनं झपाटलं. ड्यूटीवरून आले की बाजार. आमगावच्या बाजारातून एक आणली, तिरोड्याहून एक, डोंगरगडच्या जत्रेतून एक. सगळ्या आंगणात तपासल्या. सगळ्यांना एक घंटी.

"भाऊ, कपडे घ्या, भांडी घ्या. बॅटरीचं काय घेऊन बसले?" मी म्हणालो.

"भांडे अंधारात बी दिसतात जी सर," ते चिडून म्हणाले. भाऊ चिडलेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

याचं कारण मला कळलं ते एका चहामुळे. हे लिहू का म्हणून विचारलं तेव्हा वहिनीच मला म्हणाल्या, "लिहा जी आता. कायची लाज? झालं ना सगळं." म्हणून लिहितो.

पत्रिकेचा मजकूर दाखवायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवेलागण झालेली. वहिनी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन निघाल्या आणि लाइट गेली. अंधार काही फार नव्हता. दारातून संध्याकाळ अजून आत येत होती, मला भाऊंच्या मिशा दिसत होत्या. वहिनी मात्र घराच्या मधोमध पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. ट्रे दोन्ही हातांत, डोळे उघडे, आणि ते डोळे कुठंच पाहत नव्हते. मी चटकन हात पुढे केला, म्हणालो, "द्या वहिनी." त्यांनी ट्रे पुढे केला, माझ्या हातापासून वीतभर बाजूला, हवेत. आणि सोडणार तेवढ्यात भाऊ म्हणाले, "टिंग."

ट्रे थांबला. भाऊ उठले, वहिनींच्या मागे गेले आणि त्यांच्या पायांशी बॅटरी लावली. "टिंग टिंग." वहिनी चालत माझ्यापर्यंत आल्या, चहा दिला, आणि परत आत गेल्या. पाठमोऱ्या, ताठ.

मी चहा पीत राहिलो. साखर होती की नाही, सांगता येणार नाही.

"लग्नाच्या आधीपासून आहे," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "रातांधळी. नागपूरच्या डाक्टरनं सांगितलं, डोळ्याचा पडदाच तसा. चश्मा नाई, आपरेशन नाई. दिवसा तुमच्यापेक्षा बारीक सुई ओवते. दिवस गेला का संपलं. सुजाताले आमी सांगितलं, जावयाले बी सांगितलं, लपवलं नाई. पन हिची एकच जिद्द आहे सर. म्हणते, पोरीच्या लग्नात मी आपल्या पायानं मांडवात जाईन. 'आंधळीले धरून आनलं' असं माह्या पोरीच्या लग्नात कोनी म्हणू नये. आता मी पोरीचा बाप, मांडवात वऱ्हाडापाशी राहीन. मागे बॅटरी कोन धरन?"

मग त्यांनी मला सगळं समजावलं, आणि ते कांबळं, तो दोरा, ते झाकण, सगळं माझ्यासमोर नव्यानं उभं राहिलं. लांब मारणारी बॅटरी तिला नाणंभर जागा दाखवते, बाकी विहीर. जास्त पांढरी असली तर चुन्याच्या भिंतीवरून उजेड उलटतो आणि तेवढंही जातं. साध्या सेलांवरची बॅटरी हळूहळू मंदावते, आणि आपल्याला जे मंद वाटतं ते तिला बंद. चार्जवाले सेल शेवटपर्यंत एकसारखे देतात. शिवाय हलकी पाहिजे, एका अंगठ्यानं लागली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात फुलांचं ताट असणार. लग्न तोंडावर आलं होतं, आणि अशी बॅटरी कुठंच नव्हती.

पुढच्या रविवारी मी स्वतः म्हणालो, "चला भाऊ, बाजार. कांबळं मी घेतो."

दुकानदारानं आम्हाला पाहिलं आणि सांगून टाकलं की सेठ गावाला गेलेत. सेठ तोच होता. तरी भाऊ काउंटरवरच्या मालावरून हात फिरवत राहिले. कोपऱ्यात एका खोक्यात काही बॅटऱ्या पडल्या होत्या. "वो मत देखो," दुकानदार म्हणाला. "वापसी का माल है. रोशनी फेकती ही नहीं, फैल जाती है. कंपनी ने क्या बनाया, भगवान जाने."

भाऊंचा हात थांबला. "फैल जाती है?"

कांबळं पडलं. या वेळी आत आम्ही दोघं. भाऊंनी अंगठा दाबला आणि त्या काळ्या डोंगराच्या पोटात सायंकाळसारखा उजेड भरला. मऊ, किंचित पिवळा, कडेपासून कडेपर्यंत. झाकणाचा काठ दिसला, दोरा दिसला, दोऱ्यापलीकडे माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसला. भाऊंचा चेहराही दिसला, पण त्याबद्दल मी लिहिणार नाही.

"टिंग टिंग!" कांबळ्यातून असा आवाज निघाला की रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्यानं खरोखर रिक्षा पुढे घेतली.

ती चार सेलांची होती. म्हणजे दोन जोड्या. लग्नाच्या सकाळी भाऊंनी एक लाल टिकलीची, त्यांची स्वतःची जोडी घातली आणि दुसरी घेतली आमची.

"आमची कायले भाऊ? आमच्यातला एक गरम होतो म्हणत होता ना?"

"तुमची जोडी भांडते लय," ते म्हणाले, "पन उतरत नाई."

वऱ्हाडाची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि सातचं लग्न रात्री आठवर गेलं. लाइट अर्थातच गेली. मांडवात जनरेटर घरघरत होता, पण शहारेंच्या घरापासून विहारापर्यंतची गल्ली काळीकुट्ट. मधे उघडी नाली, तिच्यावर एकच फरशी. गल्लीच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. पांढऱ्या साडीतली सुजाता मैत्रिणींच्या घोळक्यात पुढे गेली. भाऊ मांडवाच्या तोंडाशी, हार घेऊन. मी त्यांच्या शेजारी.

मग घरातून वहिनी निघाल्या. एकट्या. डाव्या हातात फुलांचं आणि मेणबत्त्यांचं ताट, उजव्या हातात बॅटरी. उजेड पुढे, खाली, रुंद. पायरी उतरल्या. वळण घेतलं. कोणाला काही वेगळं वाटावं असं काहीच नव्हतं, आणि तीच तर गंमत होती. 

नालीपाशी बेबीबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलंच. "निघाली वं शेवटी राणीसाहेब!"

वहिनी थांबल्या. भाऊंच्या ओठांवर "टिं" आलं आणि तिथंच त्यांनी ते गिळलं. वहिनींनी उजेड बेबीबाईंच्या पायांकडे वळवला आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सरक वं बेबी. तुही टाच नालीच्या काठावर आहे. पडशीन, अना लग्न माह्या पोरीचं बाजूले राहीन."

बेबीबाईंनी खाली पाहिलं. टाच खरंच काठाबाहेर होती. त्यांनी टुणकन उडी मारली, बायका खदखदून हसल्या, आणि त्या हशातून शकुनवहिनी फरशी ओलांडून, कोणाचाही हात न धरता, मांडवाच्या उजेडात आल्या. ताट ठेवलं. मेणबत्ती पेटवली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे फुलं वाहिली. मग बॅटरी बंद केली आणि पदराखाली घेतली, जशी काही रोजचीच गोष्ट.

लग्न थाटात झालं. जेवणं झाली. वहिनी मुलीबरोबर, बायकांच्या घोळक्यात बॅटरी मिरवत परत गेल्या. बेबीबाई आता त्यांच्याच उजेडात चालत होत्या आणि कुठं घेतली म्हणून विचारत होत्या.

भाऊ मागे राहिले. खुर्च्या मोजणाऱ्यांशी दोन शब्द बोलले, मग घराकडे निघाले. हातात त्यांची जुनी बॅटरी. उजवा हात पाठीवर, मनगट खाली वळवलेलं. मागे कोणीच नव्हतं. ते वर्तुळ गल्लीतून रिकामंच सरपटत चाललं होतं. त्यांना ते कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही.

मी मागेच होतो. भराभर दोन-चार पावलं टाकली आणि त्या उजेडात शिरलो.

पुढे फाटकावर गुडघा आपटल्याचा आवाज आला. भाऊ वळले नाहीत. "कोन आहे जी मागे?"

"मी आहे. सर."

पुढची पावलं थांबली.

"काठ दिसते का?"

"दिसते जी भाऊ," मी म्हणालो. "चांगला दिसते."

"टिंग टिंग," ते म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो.